उष्ट्याचं वर्ष

माणसामाणसांतल्या भिंतीची पहिली वीट स्वयंपाकघरात रचली जाते, आणि ज्या दिवशी सगळं जग एका भांड्यातून जेवेल त्या दिवशी ती भिंत कोसळेल. हे वाक्य माझं आहे. वयाच्या पंधराव्या वर्षी मी ते लिहिलं, पाठ केलं आणि कराडपासून कोल्हापूरपर्यंतच्या वक्तृत्व स्पर्धांत उजवा हात वर नेऊन म्हटलं. ‘कोसळेल’ला तो हात खाली यायचा. त्या एका वाक्यावर मला दोन फिरत्या ढाली, एक चारपुडी डबा आणि अमेरिकेतलं एक वर्ष मिळालं.

‘एका भांड्यातून’ म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर काय होतं, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. बहुधा एक मोठं पातेलं होतं आणि त्यात एक डाव होता. डावाचा उल्लेख भाषणात नव्हता. तो गृहीत धरला होता.

अमेरिकेचं असं झालं, की विद्यार्थ्यांची देवाणघेवाण करणाऱ्या एका संस्थेची शाखा आमच्या गावात होती. तिथल्या तीन प्रतिष्ठितांनी माझी मुलाखत घेतली, मी भांड्याचं वाक्य म्हटलं, आणि त्यांनी मला भारताची सांस्कृतिक राजदूत केलं. जाण्याआधी माझा सत्कार झाला. शाल, नारळ, फोटो. मी अजून काहीच केलेलं नव्हतं, नुसतं विमानात बसायचं होतं. सोबत एक निळा कोट मिळाला. तिकडे जी जी मंडळी भेटतील त्यांच्याकडून एकेक बिल्ला घेऊन त्यावर लावायचा, अशी पद्धत होती. वर्षाअखेरीस ज्याचा कोट सर्वांत जड, तो सर्वांत यशस्वी राजदूत.

दोन हजार पाचच्या ऑगस्टमध्ये मी सांता क्लाराला उतरले. संस्थेच्या पत्रात ‘एक प्रेमळ अमेरिकन कुटुंब’ असं लिहिलं होतं. विमानतळावर फुगे घेऊन आलेल्या को-ऑर्डिनेटर बाईंनी गाडीत खुलासा केला की कुटुंब मूळचं तैवानचं आहे. मी आशियातली, तेही आशियातले, तेव्हा मला अगदी घरच्यासारखं वाटेल म्हणून त्यांनी मुद्दाम हे घर निवडलं होतं. कराड आणि तैवान यांच्यामध्ये काय काय येतं हे त्यांनी नकाशात पाहिलं नसावं.

अशा रीतीने माझं अमेरिकेतलं वर्ष चिनी भाषेत गेलं. घरात टीव्ही चिनी, पेपर चिनी, कॅलेंडर चिनी, तांदळाच्या पोत्यावर चिनी. कोपऱ्यावरच्या बाजारात पाट्या चिनी, बँकेच्या खिडकीतली बाई चिनी. अमेरिका होती ती शाळेत आणि दारातल्या टपालाच्या पेटीवर. घरात माणसं चार. काका कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत होते आणि घरी शक्यतो बोलत नसत. त्यांची बायको, जिला मी आँटी म्हणे. संस्थेने ‘मॉम’ म्हणायला सांगितलं होतं, पण ते माझ्या जिभेवर येईना. चौदा वर्षांची मुलगी, दातांना तारा लावलेली, जी आईच्या चिनीला न चुकता इंग्रजीत उत्तर द्यायची. आणि काकांची आई, ऐंशीच्या घरातली. तिला सगळे आमा म्हणत, म्हणजे आजी. आमाला इंग्रजीतले दोनच शब्द येत होते, आणि त्यातला एक ‘हॅलो’ होता.

यजमान होण्याचा मान मिळणं ही आँटीसाठी मोठी गोष्ट होती, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. संस्थेचा स्थानिक क्लब धंदेवाल्या गोऱ्या गृहस्थांचा होता. दर आठवड्याला ते एका हॉटेलात जेवत, पितळी घंटा वाजवत, झेंड्याला वंदन करत. त्यांच्या यादीत हे पहिलंच चिनी घर होतं. आँटीने दोन वर्षं अर्ज करून वाट पाहिली होती. यजमानपदाचं प्रमाणपत्र तिने बैठकीत, लेकीच्या पियानोच्या बक्षिसांच्याही वर, लावलं होतं. नियमही तिनेच मला सांगितला, हसत हसत: विद्यार्थ्याने तक्रार करून घर बदललं, तर ते घर यादीतून जातं. ‘पण तुला इथे आवडेल,’ ती म्हणाली.

संध्याकाळी साडेसहाला जेवण. गोल टेबल, मधोमध फिरणारी काच, काचेवर पाच पदार्थ. पहिल्या दिवशी डोक्यासकट एक मासा होता, लसणीची पालेभाजी, कसल्याशा रसातले काळपट चौकोनी तुकडे, टोफू आणि सूप. मला मांसाहाराचं वावडं नव्हतं. आमच्याकडे रविवारी मटण असे. वडील देव मानत नसत, सोवळं मानत नसत, दारात आलेल्याला जात विचारत नसत. मी मोकळ्या मनाने बसले.

मग सगळ्यांनी चॉपस्टिक्स उचलल्या. त्या माशात गेल्या, तोंडात गेल्या, तिथे नीट चोखल्या गेल्या, बाहेर आल्या आणि पुन्हा माशात गेल्या. काकांच्या गेल्या, मुलीच्या तारांना लागून गेल्या. आमाचे पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळे ती चॉपस्टिक्स बाजूने आत घेई आणि बाहेर काढताना एक बारीक आवाज होई. त्या ओल्या टोकांनी तिने टोफू उकरला. काच फिरली. टोफू माझ्यासमोर येऊन थांबला.

मला जी किळस आली तिचा वडिलांच्या विचारांशी काही संबंध नव्हता. आमच्या घरात देव नव्हता पण उष्टं होतं. पाण्याचं भांडं तोंडाला लावायचं नाही, खरकटा हात पातेल्याला लावायचा नाही, भाकरी मोडून दिली तर चालेल पण चावून नाही. हे कुणी धर्म म्हणून शिकवलं नव्हतं. ते स्वच्छतेच्या नावाखाली आलं होतं आणि त्यामुळे त्याला कुणी हरकत घेतली नव्हती. शाळेत आम्ही मैत्रिणी पेरू फ्रॉकच्या टोकात गुंडाळून चिमणीच्या दाताने तोडत असू, म्हणजे तो उष्टा होत नसे. कापडातून लाळ जात नाही, हे आमचं विज्ञान होतं. त्याच मैत्रिणींसमोर मी एका भांड्याचं भाषण करत असे.

तीन दिवस मी नुसत्या भातावर काढले. भात प्रत्येकाला वेगळ्या वाडग्यात मिळे. चौथ्या दिवशी मला उपाय सुचला, आणि तो इतका सोपा होता की मला स्वतःचं कौतुक वाटलं. सगळ्यांच्या आधी वाढून घ्यायचं. सहा पंचविसाला मी टेबलाशी गेले, स्वच्छ चमचा घेतला, पाचही पदार्थांतून माझ्या वाडग्यात वाढून घेतलं आणि बसले. मंडळी आली. आमा बसली, तिने चॉपस्टिक्स उचलल्या, आणि मगच बाकीच्यांनी आपापल्या उचलल्या. रोज असंच होत होतं, हे मला तेव्हा कुठे दिसलं. घरातल्या थोरल्या माणसाच्या आधी अन्नाला हात लावणं हे त्या घरात कुणी कधी पाहिलं नव्हतं.

आमा माझ्याकडे बघून बराच वेळ चिनीत बोलली. आँटीने मान डोलावली. मुलीला हसू आवरेना. नंतर तिने मला सांगितलं, ‘असं फक्त अगदी लहान बाळं करतात. पण आमा म्हणते तुला रागवायचं नाही. आमा म्हणते, तिने लहानपणी अशी मुलं पाहिली आहेत. ज्यांच्या देशात खायला नसतं.’

तेव्हापासून आमाने मला मनावर घेतलं. माशाच्या गालाजवळचा मऊ तुकडा ती आपल्या चॉपस्टिक्सनी, म्हणजे नुकत्याच तिच्या तोंडातून निघालेल्या चॉपस्टिक्सनी, उचलून माझ्या वाडग्यात ठेवू लागली. मग कोंबडीची मांडी. मग ते काळपट तुकडे, जे डुकराचं गोठवलेलं रक्त होतं हे मला नोव्हेंबरात समजलं. आंबवलेल्या टोफूला पावसाळ्यात न वाळलेल्या मोज्यांचा वास येई. तो ती मला भातावर लावून देई. हाडं सगळेजण सरळ टेबलावर थुंकत. माझ्या वाडग्यातलं हाड मात्र आमाने आधी स्वतःच्या तोंडात घालून, मांस सैल करून, मला दिलं, असं एकदा झालं. एकदाच झालं, पण मी ते विसरलेली नाही. मी जितकी लवकर जाऊन वाढून घेई, तितकी मी तिला जास्त उपाशी वाटे, आणि तितकं ती मला जास्त घाली. चावल्याशिवाय गिळता येतं, हे मी त्या हिवाळ्यात शिकले. श्वास धरायचा आणि लगेच पाणी प्यायचं. पाणी मी वरून पीत असे. त्यावरही आमाचं काहीतरी मत होतं.

बाहेर गेलं तर सुटका होती असं नाही. शाळेच्या कॅफेटेरियात मक्याच्या कापांवर एक कोमट पिवळा द्रव ओतत आणि त्याला चीज म्हणत. मुली एकीच्या स्ट्रॉने दुसरीचा सोडा पीत आणि एकमेकींच्या बर्गरचे लचके तोडत, कापडाशिवाय. संडासात पाणी नव्हतं, यावर मी जास्त बोलत नाही. क्लबात महिन्यातून एकदा मला नेत. घंटा वाजे, वंदन होई, टक्कल पडलेले गृहस्थ एक खेळकर गाणं म्हणत, मग खोडरबरासारखी कोंबडी येई आणि मी कोट घालून उभी राहून एका भांड्याचं भाषण इंग्रजीत करे. ते टाळ्या वाजवत. कोणीतरी बिल्ला लावे. फेब्रुवारीपर्यंत कोट इतका जड झाला होता की डावा खांदा खाली येई.

माझी खरी सोय होती ती एका मराठी काकूंकडे. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत त्यांची ओळख झाली होती. मूळच्या पुण्याच्या, नवरा सॉफ्टवेअरमध्ये, घर दहा मिनिटांवर. पंधरा दिवसांतून एका रविवारी त्या मला ड्राइव्ह करून घरी नेत. त्यांच्या बाथरूममध्ये प्लास्टिकचा मग होता. तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मला जे वाटलं ते कुठल्याही झेंड्याकडे बघून वाटलेलं नाही. जेवायला वरणभात, आणि वरणाच्या पातेल्यात डाव. फेब्रुवारीतल्या एका रविवारी तिसऱ्यांदा भात घेताना मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी हातातली पोळी खाली ठेवली.

‘शी! एकाच बोलमध्ये? सगळे?’

‘सगळे.’

‘आणि तू खातेस ते?’

‘आजी वाढतात. नाही कसं म्हणणार?’

‘अगं, रिक्वेस्ट टाक ना सरळ. आमच्याकडे शिफ्ट हो. गेस्ट रूम रिकामीच पडलीये.’

‘फॉर्मवर कारण लिहावं लागतं, काकू.’

‘मग लिही ना. हायजीन.’

शब्द तयारच होता. अमेरिकेत या शब्दापुढे कुणी काही बोलत नाही. अडचण एवढीच, की तो खोटा होता. ते घर आमच्या कराडच्या घरापेक्षा स्वच्छ होतं. आँटी भांडी उकळत्या पाण्याने विसळायची, ओटा दोनदा पुसायची, बाहेरच्या चपला आत येऊ द्यायची नाही. पण जे खरं होतं, म्हणजे मला आमाची लाळ चालत नाही, ते फॉर्मवर लिहिण्यासारखं नव्हतं. भाषणात तर नव्हतंच. तक्रार गेली की आँटीचं प्रमाणपत्र भिंतीवरून उतरणार, हेही मला माहीत होतं. मी काकूंना म्हटलं, विचार करते. फॉर्म मी आणला, वहीत ठेवला, आणि भरला नाही. हा माझा मोठेपणा होता असं मी बरीच वर्षं समजत होते. खरं म्हणजे मी दोन आठवडे तो दर दुपारी उघडून बघत असे.

काकूंनी माझ्या विचाराची वाट पाहिली नाही. काळजीपोटी त्यांनी को-ऑर्डिनेटर बाईंना फोन केला.

बाईंनी आँटीला कळवलं की शनिवारी त्या सहज जेवायला येतील. सहज म्हणजे काय हे आँटीला समजत होतं. मुलीने फोन ऐकला होता. ती माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाली, ‘कोणीतरी सांगितलंय की आमचं घर घाण आहे. तू सांगितलंस?’

‘नाही,’ मी म्हटलं. ते शब्दशः खरं होतं.

तीन दिवस आँटीने घर घासलं. फ्रिजमधले आंबवलेले डबे गॅरेजमध्ये गेले. नळांच्या चाव्या टूथब्रशने घासल्या गेल्या. आमाला नवा स्वेटर घालून बसवलं. आँटी माझ्याशी नेहमीसारखीच वागत होती. फक्त बोलताना ती माझ्याकडे न बघता कुठल्यातरी भांड्याकडे बघायची.

बाई आल्या, निळा कोट घालून. त्यांच्या कोटावर माझ्यापेक्षा जास्त बिल्ले होते. त्यांनी हात धुवायच्या निमित्ताने बाथरूम पाहिलं, ज्यूसच्या निमित्ताने फ्रिज उघडला आणि पुस्तकांच्या कपाटावरून सहज बोट फिरवून ते सहज पाहिलं. मग आम्ही टेबलाशी गेलो, आणि तिथे प्रत्येक पदार्थाशेजारी चिनी मातीच्या छोट्या टेकूवर लांब काळ्या चॉपस्टिक्सची एकेक जोडी ठेवलेली होती. सुपात स्वतंत्र डाव होता. वाढायच्या वेगळ्या, खायच्या वेगळ्या. जेवणभर कुणाच्याही तोंडातली काडी कुठल्याही भांड्यात गेली नाही.

सहा महिने मी जे गिळत होते त्यावरचा इलाज या घराच्या खणात पडून होता. मला राग आला की आनंद झाला, सांगता येत नाही. मी जेवले मात्र. मासा खाल्ला, पालेभाजी खाल्ली, दुसऱ्यांदा घेतलं. पहिल्यांदाच मला त्या अन्नाची चव कळत होती आणि ती चांगली होती. आमा माझ्याकडे बघत होती. तिने सवयीने माशाच्या गालाचा तुकडा आपल्या चॉपस्टिक्सनी उचलला आणि हात माझ्या वाडग्याकडे आणला. आँटी हळूच एक शब्द बोलली. आमाचा हात अधांतरी थांबला. मग तिने तो तुकडा स्वतःच्या वाडग्यात ठेवला आणि तो खाल्ला नाही.

बाईंनी रुमालाने ओठ टिपले. त्या जरा पुढे झुकल्या आणि मुलाखतीत काढतात तसा आवाज काढून मला म्हणाल्या, ‘या घरातल्या स्वच्छतेबद्दल तुला काही सांगायचं आहे का? मोकळेपणाने सांग.’

आँटी चहाची किटली घेऊन उभी होती. ती ओतायची थांबली.

‘हे घर माझ्या घरापेक्षा स्वच्छ आहे,’ मी म्हटलं.

आयुष्यात मी हात न हलवता केलेलं हे पहिलं विधान असावं. बाईंनी कागदावर खूण केली, मग मागच्या अंगणाचं कौतुक केलं, मग हवामानाचं. घर यादीत राहिलं. आँटीने सगळ्यांच्या कपात चहा ओतला. माझ्या कपात ओतताना थोडा बशीत सांडला आणि तिने तो पुसला नाही.

बाई गेल्यावर मी भांडी पुसायला उभी राहिले. लांब चॉपस्टिक्स पुसता पुसता मी विचारलं, या रोज का वापरत नाही?

‘त्या पाहुण्यांसाठी असतात,’ आँटी म्हणाली. ‘घरातल्या घरात कोण वापरतं?’ तिने एक वाडगा विसळला, दुसरा विसळला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘पण तुला हव्या असतील तर ठेवू.’

नाही म्हणायला मला भरपूर वेळ होता. नळ चालू होता, वाडगे अजून चार होते. एका भांड्याचं भाषण मला तोंडपाठ होतं.

‘ठेवल्या तर बरं होईल,’ मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून जूनपर्यंत, रोज साडेसहाला, लांब चॉपस्टिक्स टेबलावर होत्या. मला पुन्हा कुणाचं उष्टं खावं लागलं नाही. मी आधी जाऊन वाढून घेणं बंद केलं. आमाने हात लावल्यावरच सुरुवात करू लागले, आणि माझी रीतभात सुधारली असं काकाही एकदा म्हणाले. माझं वजन वाढलं. आमाने माझ्या वाडग्यात परत काही ठेवलं नाही. जेवण झालं की ती मुलीमार्फत मला विचारायची, पाहुणीला पुरलं का? मी म्हणायची, पुरलं. मग ती मान हलवून टीव्हीकडे जाई.

मराठी काकूंना मी सांगितलं की सगळं सॉर्ट आउट झालं. ‘बघ,’ त्या म्हणाल्या, ‘बोललं की होतं.’

जूनमध्ये क्लबाने निरोपाचं जेवण ठेवलं. आँटीचं कुटुंब पहिल्या टेबलाशी बसलं होतं. आँटीला यजमान म्हणून आणखी एक प्रमाणपत्र मिळालं आणि तिने ते दोन्ही हातांनी घेतलं. आमा तो नवा स्वेटर घालून आली होती. मी कोट घालून माइकसमोर उभी राहिले आणि या वर्षात मी काय शिकले ते सांगितलं. ज्या दिवशी सगळं जग एका भांड्यातून जेवेल त्या दिवशी ती भिंत कोसळेल, असं म्हणून मी हात खाली आणला. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळे पुसले. को-ऑर्डिनेटर बाई उभ्या राहिल्या, मग सगळेच उभे राहिले, मग आमाही उभी राहिली, कारण सगळे उभे होते.

नंतर जेवण झालं. बुफे होता. प्रत्येक भांड्यात वेगळा चमचा होता.